वजन उतरतंय, तेव्हा पित्ताशय सांभाळा

मालवणात आमची घरगुती खानावळ आहे. माझं वजन उतरवायचं ऑपरेशन, जठराचं बायपास (जठराची छोटी पिशवी करून तिला पुढचं आतडं जोडतात), मुंबईत झालं. तेव्हापासून जेवायला येणारी ओळखीची माणसं ताटावर बसल्या बसल्या विचारतात, किती खर्च आला, किती किलो उतरले, केस गळाले का. पित्ताशयाचं, म्हणजे यकृताखालच्या पित्ताच्या पिशवीचं, मात्र कोणी विचारत नाही. ऑपरेशन चांगलं होऊनही पुढच्या वर्षभरात माणसाला परत दवाखान्यात न्यायला लागतं, त्यात पित्ताचे खडे हे एक मोठं कारण आहे. आणि ते बऱ्याच अंशी टाळता येतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वजन भराभर उतरतं तेव्हा अंगातली चरबी मोडते आणि तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृत पित्तात सोडतं. पित्त दाट होतं. त्यातच आपण घासभर खातो, तेही बिनतेलाचं. जेवणात स्निग्ध काही गेलं की पित्ताशय आवळतं आणि रिकामं होतं. तेच नसेल तर पित्त आत साचून राहतं आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर धोका वाढतो, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते तसंच उतरतं. अमेरिकेत १९९५ साली बायपास झालेल्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत, खडे टाळायच्या औषधाची गोळी न मिळालेल्यांपैकी ३२ टक्के लोकांना खडे झाले होते. रोज ६०० मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड घेणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्के होतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही गोळी. बायपासला सहसा ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि स्लीव्हला (जठराचा मोठा भाग कापून नळीएवढं ठेवतात ते ऑपरेशन) ५०० मिलिग्रॅम एकदा, असं सहा महिने देतात. तुमचा डोस तुमचे सर्जनच ठरवतील. डिस्चार्जच्या कागदावर ती लिहिलेली नसेल तर तिथेच विचारा, "पित्ताशयाची गोळी का नाही?" पित्ताशय आधीच काढलेलं असेल तर ती लागत नाही. गोळी खाण्याबरोबर घ्यायची. अॅसिडिटीचं पातळ औषध चालू असेल तर दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, कारण त्यातल्या अॅल्युमिनियममुळे ही गोळी नीट लागू पडत नाही. काहींना जुलाब होतात. त्यासाठी परस्पर बंद करू नका, फोन करा. गोळी घशाखाली उतरत नसेल तर तसंही सांगा, पातळ औषधही मिळतं.

बहुतेकांची गोळी सुटते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. वजन छान उतरलेलं असतं, दुखत काही नसतं, आणि एवढ्या गोळ्यांत ही एक फुकटची वाटायला लागते. नेमके तेच खडे धरायचे महिने असतात. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात सकाळची एक आणि रात्रीची एक अशा दोन रेघा मारायची आणि दर सोमवारी त्याच चौकोनात वजन. भाताचा टोप चुलीवर असताना मान वर केली की राहिलेली रेघ दिसायची. पट्टी संपायच्या आठवडाभर आधीच दुकानात सांगून ठेवा. आपल्याकडे मागवलेली गोळी त्याच दिवशी येईलच असं नाही.

आता जेवण. तेल-खोबरं पूर्ण तोडू नका. सुरुवातीचे पातळ खाण्याचे आठवडे संपून डॉक्टरांनी नेहमीचं अन्न सुरू करा म्हटलं, की दिवसभरात दोन-तीन चहाचे चमचे तेल किंवा तूप पोटात जाऊ द्या. मी पेजेवर अर्धा चमचा तूप घ्यायची आणि दुपारी बांगड्याचा एक तुकडा, तिरफळं घालून केलेल्या पातळ कालवणातला. बांगड्यात प्रथिनं असतात आणि त्याचं स्वतःचं तेलही. सोलकढी वाटीभर चालते, पण जाड रसाची पेलाभर नको. सगळं तेल एकाच जेवणात ओतून चालत नाही. महिनोन् महिने कोरडं खाल्लं आणि गणपतीत एकदम तुपात भिजवलेले मोदक, तर तिथेच कळ निघायची. बायपास असेल तर गुळाने घाम फुटून चक्करही येते.

उपासाचं मी स्पष्ट सांगते. पहिले सहा महिने एकही कडक उपास नको. हरतालिकेचा निर्जळी तर नकोच. दिवसभर पोट रिकामं राहिलं की पित्त जागचं हलत नाही, आणि पाणीही कमी पडतं. माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्या वर्षी माझ्याही वाटणीची पत्री त्यांनीच वाहिली. घरात आधी बोलून ठेवलं की सणाच्या दिवशी तोंड चुकवायला लागत नाही.

एवढं करूनही दुखलं तर? उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर, जेवणानंतर किंवा मध्यरात्री, पाठीकडे नाहीतर उजव्या खांद्याकडे जाणारी कळ अर्धा तास उलटला तरी हटत नसेल, तर ती पित्ताशयाची असू शकते. आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "पित्त झाला असतला गो, वायच आगळ घे." आगळाने, म्हणजे कोकमाच्या रसाने, खडा हलत नाही. दुकानातून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक अशी दुखण्यावरची गोळी आणून घेऊ नका. बायपासमध्ये जिथे आतडं जोडलेलं असतं तिथे त्याने जखम (अल्सर) होऊ शकते. दवाखान्यात इंजेक्शन द्यायच्या आधीही सांगा, "बायपास झालंय." बायपासवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं, पोटातली जोराची कळ आतडं आतल्या आत अडकल्याचीही असते. म्हणून सोनोग्राफीत खडे दिसले तरी दुखणं जात नसेल तर सीटी स्कॅनचं विचारा.

डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, थंडी वाजून ताप, कमरेपर्यंत आरपार जाणारं दुखणं आणि थांबत नाही अशी उलटी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. खडा पित्तनलिकेत अडकून कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. अशा काविळीला गावठी मुळी पिऊन किंवा माळ घालून दिवस घालवले तर जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. स्लीव्हमध्ये तोंडातून दुर्बीण घालून तो खडा काढता येतो. बायपासमध्ये ती वाट बदललेली असते, त्यामुळे तेच काम फार अवघड होतं आणि ते मोठ्या ठिकाणीच होतं.

म्हणून कुठे जायचं ते आधीच ठरवा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, की घाट चढून कोल्हापूर? रात्री गाडी कोण काढणार, हेही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो आपल्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. "पोट लहान केलंय" एवढं सांगून भागत नाही, स्लीव्ह की बायपास हे घरच्यांना तोंडपाठ हवं.

सहा महिने झाले की सोनोग्राफी कशी आणि कधी करायची ते सर्जनना विचारा, सकाळी उपाशीपोटी जावं लागतं. खडे दिसले पण त्रास कधीच झाला नसेल, तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. खडे आहेत आणि कळही येऊन गेलीय, तर पित्ताशय काढण्याची तारीख लांबवू नका. जमलं तर मेच्या आत घ्या, पावसात दरड कोसळून घाट बंद पडायच्या आत.