‘पोहता यावे म्हणून’ पाय गेले नाहीत: सागरी जीवांची उत्क्रांती लिहिताना या चुका टाळा

सागरी जीवांवरच्या उत्तरपत्रिका तपासताना माझा लाल पेन सर्वात जास्त वेळा एकाच शब्दाशी थांबतो: ‘म्हणून’. ‘थंडीने रक्ताचा बर्फ होऊ नये म्हणून माशांनी गोठणरोधक प्रथिन तयार केले.’ ‘पोहता यावे म्हणून देवमाशाचे पाय गेले.’ माहिती बरोबर, वाक्य सुबक, आणि कार्यकारणभाव साफ उलटा. मुलांना तरी काय बोल लावायचा, माहितीपटांचे निवेदकही सर्रास असंच बोलतात.

ते गोठणरोधक प्रथिनच जरा जवळून पाहू. समुद्राचं पाणी उणे 1.9 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. बहुतेक माशांचं रक्त समुद्राहून कमी खारट असतं, त्यामुळे ते उणे 0.7-0.8 अंशांनाच गोठू लागतं. म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र अजून वाहता आहे आणि त्यात पोहणाऱ्या माशाच्या अंगात मात्र बर्फ धरू शकतो. तिथल्या नोटोथेनिऑइड गटातल्या माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं. बर्फाचा इवलासा स्फटिक तयार झाला की ते त्याला चिकटतं आणि वाढू देत नाही.

हे प्रथिन आलं कुठून? ट्रिप्सिनोजेन या पचनाशी संबंधित प्रथिनाच्या जनुकातून. त्या जनुकाची प्रत निघताना चुका झाल्या, काही तुकडे गळाले, एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला गेला. माशाला थंडी वाजली आणि जनुकाने तोड काढली, असं काही घडलं नाही. जनुकाला बाहेरच्या पाण्याची खबर नसते. अशा असंख्य चुका होतात, बहुतेक निरुपयोगी किंवा घातक ठरतात. ही एक थंड पाण्यात कामी आली आणि ती बाळगणाऱ्यांची वीण टिकली. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांतही जवळपास असंच प्रथिन आहे, पण ते डीएनएच्या अगदी वेगळ्याच भागातून, स्वतंत्रपणे आलेलं आहे.

तुमच्या वाक्यात ‘यावे म्हणून’, ‘करता यावे यासाठी’ आलं असेल तर ते खोडा आणि स्वतःला विचारा: फरक आधीपासून कोणात होता? कोण मेलं? कोणाची पिल्लं जगली? ही तीन उत्तरं जोडली की वाक्य आपोआप सरळ होतं. लांब होतं, हे खरं. पण चुकीच्या छोट्या वाक्यापेक्षा ते बरं.

याला सर्वात चांगला दाखला स्टिकलबॅक या बोटाएवढ्या माशाचा. समुद्रातल्या स्टिकलबॅकच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, गोड्या पाण्यातल्यांत ते बहुधा तोकडं. अलास्कातल्या लोबर्ग तलावातले मासे 1982 मध्ये रसायन टाकून मारले होते. पुढे समुद्रातले स्टिकलबॅक तिथे शिरले. 1990 मध्ये तपासलेले जवळपास सगळे पूर्ण चिलखतवाले निघाले, 2001 मध्ये तसे दहातले एखाद-दुसरेच उरले होते. एकाही माशाने आपलं चिलखत उतरवून ठेवलं नव्हतं. तोकड्या चिलखताचं जनुकीय रूप समुद्रातल्या थोड्या माशांत आधीपासून लपून होतंच, तलावात त्यांची पिल्लावळ जास्त जगली, इतकंच. आणि ‘उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतातच’ हे वाक्यही याच तलावात बुडतं.

एक जीव बदलला की ती उत्क्रांती नव्हे

सॅमन मासा नदीतून समुद्रात जाताना त्याच्या कल्ल्यांतल्या पेशी बदलतात आणि मीठ आत घेण्याऐवजी बाहेर टाकू लागतात. गॅलापागोस बेटांवरच्या सागरी इग्वानाचं, म्हणजे समुद्रात चरणाऱ्या मोठ्या सरड्याचं, उदाहरण तर आणखी विलक्षण. एल निनोच्या, म्हणजे समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या, वर्षी त्यांचं खाद्य असलेलं शेवाळ कमी होतं, तेव्हा पूर्ण वाढलेल्या इग्वानांचं शरीर चक्क आखडतं, लांबी काही सेंटिमीटरनी कमी होते आणि चांगले दिवस आले की परत वाढते. वजन नव्हे, लांबी! हे वाचून ‘इग्वाना उत्क्रांत झाले’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण हे एका प्राण्याचं, एका आयुष्यातलं जुळवून घेणं आहे. असं लवचीक राहण्याची क्षमता पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली, ती उत्क्रांती. जीव जुळवून घेतो, बदलत जाते ती जीवसंख्या. कर्ता कोण, हे पाहिल्याशिवाय क्रियापद लिहू नका.

समुद्रातला मासा तहानलेला असतो

ही चूक उत्क्रांतीची नाही, परासरणाची, म्हणजे पाणी जास्त खारट बाजूकडे झिरपण्याची आहे, पण अनुकूलनाचं प्रत्येक दुसरं उत्तर इथे घसरतं. ‘मासा पाण्यातच असल्याने त्याला पाणी प्यावे लागत नाही.’ गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल हे बरोबर, समुद्रातल्याबद्दल उलट. प्रयोगशाळेत मिठाच्या दाट पाण्यात ठेवलेला बटाट्याचा काप आठवा: थोड्या वेळात तो लिबलिबीत होतो, कारण पाणी जास्त खारट बाजूकडे जातं. समुद्राच्या दर किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. हाडांच्या सांगाड्याच्या सागरी माशाच्या अंगातल्या द्रवांचा खारेपणा त्याच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणजे तो मासा म्हणजे तो बटाटा. अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं, त्यामुळे तो समुद्राचं पाणी पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं सगळं उलट: पाणी आत घुसतं, तो ते पीत नाही, भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांनी क्षार ओढून घेतो. शार्कने तिसरीच वाट धरली आहे. ती रक्तात युरिया साठवून आतला-बाहेरचा तोल जवळपास सारखा राखते. गोंधळ होत असेल तर आधी बाण काढा, पाणी कुठून कुठे चाललंय ते ठरवा, मग लिहायला घ्या.

नावावर आणि आकारावर जाऊ नका

देवमासा मासा नाही, तारामासा मासा नाही, जेलीफिश तर नावात ‘फिश’ घेऊन फिरते, पण तीही मासा नाही. खडकांना, जहाजांच्या तळाला चिकटून बसणारे बार्नॅकल्स कवचामुळे शिंपल्यांचे भाऊबंद वाटतात, पण ते खेकडे-कोळंबीच्या कुळातले. त्यांची पिल्लं खेकडे-कोळंबीच्या पिल्लांसारखी दिसतात, त्यावरून ते उघड झालं. डार्विनने या कंटाळवाण्या दिसणाऱ्या प्राण्यांवर आठ वर्षं घालवली.

डॉल्फिन आणि शार्क सारखे दिसतात ते नात्यामुळे नव्हे. वेगाने पाणी कापायला जो आकार सोयीचा, तो दोघांत वेगवेगळ्या वाटेने आला. शेपटी पाहा: शार्कची उभी, डावी-उजवी हलते. डॉल्फिनची आडवी, वर-खाली हलते, कारण तिच्या पूर्वजांचा कणा जमिनीवर धावताना वर-खाली वाकत होता. पाकिसेटस हा देवमाशांचा सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा नातेवाईक चार पायांवर चालायचा. त्याचे अवशेष पाकिस्तानात सापडले. आज देवमाशाचा सर्वात जवळचा जिवंत नातलग पाणघोडा आहे.

‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द शक्यतो टाळाच. 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपला असं मानलेला सीलाकँथ हा मासा 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ जाळ्यात सापडला, तेव्हापासून ‘हा बदललाच नाही’ हे पालुपद सुरू आहे. आजच्या सीलाकँथची प्रजाती जीवाश्मांत सापडलेली नाही. त्याचे जुने नातलग आकाराने, राहणीने बरेच वेगळे होते.

प्रत्येक गोष्टीला फायदा चिकटवू नका

अंटार्क्टिकातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही, रक्त जवळजवळ रंगहीन. लगेच उत्तर येतं: ‘थंडीत फायदा व्हावा म्हणून.’ (पुन्हा तोच शब्द!) अनेक अभ्यासकांना हा तोटाच वाटतो. थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, म्हणून हिमोग्लोबिन गमावूनही हा मासा तगला. पण मोठं हृदय आणि जास्त रक्त फिरवण्याचा खर्च त्याच्या पाठी लागला.

‘परिपूर्ण अनुकूलन’ हा शब्दप्रयोगही असाच गळ्यात पडतो. देवमासा इतकी कोटी वर्षं समुद्रात काढूनही श्वासासाठी वर येतो. समुद्री कासवीला अंडी घालायला वाळूवर फरफटत यावं लागतं, कारण पाण्यात तिच्या अंड्यांतली पिल्लं गुदमरतील. उलट ऑक्टोपसच्या डोळ्यात मज्जातंतू प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या मागून जातात, म्हणून तिथे अंधबिंदू नाही. तुम्ही हे ज्या डोळ्यांनी वाचताय त्यांत मात्र ते पुढून येतात आणि पडद्याला भोक पाडून बाहेर पडतात. प्रत्येक डोळ्यात एक ठिपका आंधळा आहे.