पहिलीचा प्रवेश: जिल्हा परिषदेची शाळा की खाजगी?

शाळा निवडताना पालक सरकारी आणि खाजगी अशा दोनच पर्यायांचा विचार करतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रात खाजगी अनुदानित शाळा हा तिसरा पर्यायही आहे. तेथे व्यवस्थापन संस्थेचे असते, शिक्षकांचे वेतन शासन देते आणि फीचा भार विनाअनुदानित शाळेपेक्षा बराच कमी असतो. म्हणून आपल्या परिसरातील प्रत्येक शाळा यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, याची चौकशी सर्वप्रथम करावी.

त्यानंतर कामकाजाच्या दिवशी, शाळा भरलेली असताना, मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेत जावे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहिलेली शाळा आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता दिसणारी शाळा यांत फार अंतर असते. तिसरीतील एखाद्या मुलाची गणिताची वही उघडून पाहावी. हातच्याची बेरीज चुकलेली असूनही त्यावर लाल शाईने बरोबरची खूण असेल, तर वही तपासली गेली आहे, पण वाचली गेलेली नाही, हे लक्षात येते. मुलाला दुसरीच्या बालभारतीतील एक परिच्छेद वाचायला सांगावा आणि त्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत विचारावा. इमारतीच्या रंगापेक्षा आणि दारावरच्या फलकापेक्षा मी या दहा मिनिटांना अधिक महत्त्व देतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पट आणि शिक्षकसंख्या अवश्य विचारावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील निकषानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक असतात. म्हणजेच पहिली ते चौथीच्या शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन इयत्ता येऊ शकतात. दोन्ही गुरुजी मन लावून शिकवणारे असतील, तर घरापासून चालत जाता येणारी अशी शाळा मी निःशंकपणे निवडेन, कारण घरच्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला पाठांतरामागे लपावे लागत नाही. मात्र एक जागा रिक्त असून चारही वर्ग एकाच शिक्षकावर असतील, तर केवळ तत्त्वासाठी आपल्या मुलाला तेथे घालू नये.

विनाअनुदानित शाळेत फी, पुस्तके, गणवेश आणि बस यांचा एकत्रित वार्षिक आकडा लेखी मागावा आणि दहावीपर्यंत तो दरवर्षी पेलेल का, याचा हिशेब प्रवेशापूर्वीच करावा. प्रवेशासाठी देणगी घेणे तसेच मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे कायद्याने निषिद्ध आहे. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा राखीव असतात. त्यांची ऑनलाइन प्रक्रिया नेहमीच्या प्रवेशांपासून वेगळी असल्याने रहिवासाचा पुरावा, जन्मदाखला आणि लागू असल्यास जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

निवड चुकली असे पुढे वाटल्यास मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत आणता येते, आणि आधीच्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून तेथील प्रवेश अडवता येत नाही.