दुर्बिणीद्वारे फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेचा सिम्युलेटरवरील सराव कसा आखावा

दुर्बिणीद्वारे लोबेक्टॉमी, म्हणजे फुफ्फुसाचा एक खंड काढण्याची शस्त्रक्रिया, करताना अवजार दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत टेकलेले असते, त्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. शिवाय पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. ही सवय रुग्णावर लावून घेण्याऐवजी आधी साध्या बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे छिद्रांतून अवजारे घालून सराव करण्याच्या पेटीवर, लावावी. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात देणे, आखलेल्या रेषेवरून कापणे आणि गाठ मारणे एवढे पुरे. मात्र किती तास बसलो हे मोजू नये. ठरलेल्या वेळेत, चूक न होता, सलग काही वेळा जमले की पुढे जावे. ३० अंशांची दुर्बीण धरण्याचा सरावही याच टप्प्यावर करावा. तो कनिष्ठांचे काम म्हणून टाळला जातो, हे मला पटत नाही.

पुढचा टप्पा डुकराच्या एकत्र काढलेल्या हृदय-फुफ्फुसांवर घ्यावा. डुकराच्या उजव्या वरच्या खंडाचा ब्राँकस (खंडात हवा नेणारी नळी) थेट श्वासनलिकेतून निघतो, म्हणून माणसाशी तुलना करायची तर डावी बाजू अधिक सोयीची पडते. रक्तवाहिनी मागच्या बाजूनेही पूर्ण मोकळी झाल्याशिवाय स्टेपलरचा (पिना मारून बंद करणाऱ्या व कापणाऱ्या अवजाराचा) जबडा तिच्यामागे सरकवू नये. तो अडला तर जोर न लावता कोन किंवा छेद बदलावा, कारण फुफ्फुसधमनीची भिंत पातळ असते आणि जोर केल्यास ती फाटते. ब्राँकसवर स्टेपलर मिटल्यावर, तो चालवण्यापूर्वी, उरलेला खंड फुगतो की नाही हे हवा भरून पाहावे.

रक्तस्रावाचा सराव बहुतेक ठिकाणी राहून जातो, आणि खरी गरज त्याचीच असते. डुकराच्या याच फुफ्फुसधमनीत नळी बसवून रंगीत पाण्याची बाटली सुमारे २० सेंटिमीटर उंच टांगली, की फुफ्फुसधमनीतील सरासरी दाबाच्या, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर पाऱ्याच्या, जवळपासचा दाब मिळतो. मग प्रशिक्षकाने न सांगता धमनीला छिद्र पाडावे. पडदा लाल झाला की शिकणाऱ्याचा हात धमनी पकडायला चिमट्याकडे जातो. तो तिथेच थांबवावा. आधी चिमट्यात धरलेल्या गॉजने छिद्र दाबून ठेवावे, भूलतज्ज्ञांना मोठ्याने कळवावे, रक्त मागवावे, आणि दुर्बिणीतूनच टाका घालायचा की छाती उघडायची हे दाब न सोडता ठरवावे. भूलतज्ज्ञ आणि परिचारिका प्रत्यक्ष हजर असल्या तर या सरावाला खरा अर्थ येतो.

आभासी वास्तवाचे सिम्युलेटर वेळ, हालचाली आणि रक्तस्राव आपोआप नोंदवतात. परंतु ऊतीचा खरा स्पर्श त्यांतून पुरेसा मिळत नाही, म्हणून ते पूरकच मानावेत. मूल्यमापनासाठी प्रत्येक सरावाचे चित्रीकरण ठेवावे आणि शिकणाऱ्याचे नाव न सांगता ते अनुभवी शल्यविशारदांना दाखवावे. त्यांनी ज्या पायऱ्या निर्धोक ठरवल्या असतील, तेवढ्याच शस्त्रक्रियागृहात वरिष्ठांच्या देखरेखीखाली सोपवाव्यात: आधी लिगामेंट (फुफ्फुसाला खालून धरून ठेवणारा पडदा) सोडवणे, मग शीर, आणि धमनी सर्वांत शेवटी.