शाकाहारी मैत्रिणीला घेऊन जपानी जेवायला जाताना

मी मासे खाते. माझी मैत्रीण अंड्यालाही हात लावत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात एकाच वाड्यात वाढलो आम्ही. तरी बडोद्यात सुशी किंवा उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) खायचं मनात आलं की मी पहिला फोन तिलाच करते. हे जेवण चार बशा मधे ठेवून, गप्पा मारत, थोडं थोडं खाण्यातच रंगतं. मात्र शाकाहारी माणूस बरोबर असेल तर आधी थोडी चौकशी करावी लागते. ती केली की मग तिला घासागणिक शंका काढत बसावं लागत नाही.

शनिवार-रविवारची रात्र टाळा. मधल्या एखाद्या वारी दुपारी गर्दीच्या आधी पोचलात तर वाढणाऱ्या मुलांना बोलायला वेळ असतो, आणि गरज पडली तर ती आत जाऊन विचारूनही येतात. निघण्याआधी फोन करा, पण "व्हेज मिळतं का?" एवढंच विचारून थांबू नका. बशीत माशाचा तुकडा नसला की बहुतेक ठिकाणी उत्तर "हो" असंच येतं. मी सरळ विचारते, "सूप शेमांथी बने छे?" म्हणजे सूप कशापासून करता. समोरचा गुजराती नसेल तर तेच हिंदीत.

या प्रश्नावर मी एवढी अडून बसते ती दाशीमुळे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकातलं मूळ पाणी. ते बहुतेक वेळा दोन गोष्टींपासून होतं: कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेल्या माशाचा कीस. मिसो सूप, उदोनचा रस्सा, टेम्पुरासोबत (भज्यांसारखं तळण) येणारी सॉसची वाटी, आगेदाशी म्हणजे तळलेल्या टोफूभोवतीचं पाणी, या सगळ्यांत तीच असते. इनारी सुशीची टोफूची पिशवीसुद्धा बऱ्याचदा दाशीतच शिजवलेली असते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, म्हणूनच विचारायचं.

पण बिनमाशाची दाशी ही काही आपण केलेली तडजोड नाही. जपानमधल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी म्हणून पूर्ण शाकाहारी स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे आणि तिथे कोंबू व वाळवलेल्या शिताके मशरूमवर दाशी करतात. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा काढून त्याच्या चवीला उमामी म्हटलं, तेही कोंबूच्याच दाशीतून. तेव्हा "नुसत्या कोंबू-शिताकेची करून द्याल का?" असं निःसंकोच विचारा. स्वतः दाशी उकळणारं स्वयंपाकघर आदल्या दिवशी सांगितलं तर करून देऊ शकतं. तयार पावडर वापरत असतील तर मात्र सूप आणि रस्सा सोडून द्या. इतर पदार्थ आहेतच.

अंड्याचं वेगळं विचारावं लागतं. टेम्पुराच्या पिठात पारंपरिक पद्धतीने अंडं घालतात, रामेनच्या काही नूडल्समध्ये असतं आणि जपानी मेयोनीजमध्ये तर असतंच. कोळंबी आणि भाज्या एकाच कढईत तळतात का, हेही विचारून घ्या. माझ्या मैत्रिणीला ते चालत नाही, आणि तिला चालत नाही एवढं कारण मला पुरतं.

आता मागवायचं कसं? सगळं एकदम मागवू नका. टेबल लहान असतं आणि टेम्पुरा तर कढईतून निघाला की लगेच खायचा असतो, आपल्या कांदाभजीसारखाच. आम्ही सुरुवात एदामामेने करतो. या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, वरून मीठ भुरभुरलेल्या. शेंग ओठांत धरून दाणे ओढून घ्यायचे, साल बाजूच्या वाटीत. मग काकडीची कप्पा माकी (माकी म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेली सुशी) आणि अव्हाकाडोची माकी, दोघींत. त्यानंतर माझ्यासाठी एखादा माशाचा पदार्थ, पण वेगळ्या बशीत, आणि त्याच्या काड्याही (चॉपस्टिक्स) वेगळ्या. शेवटी परतलेल्या उदोन नूडल्स, सॉस आधी विचारून.

कच्च्या माशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बडोदं समुद्रावर नाही, त्यामुळे मासा कुठून येतो, गोठवलेला असतो का आणि रोज किती खपतो, याचं नीट उत्तर मिळालं तरच तो मागवावा. नाहीतर भाजलेला सॅमन मासा घ्यावा. गरोदर बाईने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा खाऊच नये.

काड्यांना घाबरू नका. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात बसवून अनामिकेवर टेकवायची; ती हलत नाही. वरची पेनासारखी धरायची. उघडमीट तीच करते. काड्यांच्या अगदी टोकाशी धरलं तर पकड सुटते, थोडं मागे धरा. सुशी हाताने खाल्लेलीही चालते. निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) आडवी करून माशाची बाजू सोया सॉसला टेकवायची. भात बुडवला तर तो सुटतो आणि खारटही होतो. आल्याचं गुलाबी लोणचं दोन घासांच्या मधे तोंड स्वच्छ करायला असतं. वासाबी म्हणून मिळतो तो हिरवा गोळा बहुधा हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाचा असतो. डाळीएवढा घ्या, नाकात जातो.

दोन गोष्टी मात्र पाळाच. भातात काड्या उभ्या खोचू नका. तसा भात तिकडे मृतासमोर ठेवतात. आणि एकीच्या काड्यांतून दुसरीच्या काड्यांत घास देऊ नका; दहनानंतर अस्थी तशा उचलतात. मैत्रिणीला काही द्यायचं असेल तर तिच्या बशीत ठेवा.

गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा साकेचा प्रश्नच येत नाही. पण तेरियाकी सॉसमध्ये मिरीन हा तांदळापासून केलेला गोड द्रव घालतात आणि खऱ्या मिरीनमध्ये मद्यांश असतो, ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी तेही विचारावं. प्यायला होजिचा मागवा. भाजलेल्या पानांचा हा चहा ग्रीन टीपेक्षा कमी कडू असतो आणि तळलेल्यावर फार छान लागतो.

उरलं तर सुशी बांधून घेऊ नका. फ्रिजमध्ये भात कडक होतो आणि बाहेर ठेवणं धोक्याचं. नूडल्स रश्श्यातल्या असतील तर रस्सा वेगळ्या डब्यात मागा, आणि बिल येण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर आत दोन्ही एकत्र ओतून आणतात.