लाल टोपण, नारिंगी टोपण

सोलापुरात नर्सिंगला प्रवेश घेतला की स्वागताच्या भाषणात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघणार, हे धरूनच चालायचं. आमच्याही वेळी निघालं. सोलापूरचा मुलगा चीनला गेला, रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये तिथंच वारला. भाषण तिथं संपलं. १९३८ साली ते चीनला गेले ते पाच डॉक्टरांच्या पथकातून, आणि तिकडं त्यांनी ज्यांच्याशी लग्न केलं त्या क्वो छिंगलान नर्स होत्या, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कारण जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला औषधांची नावं, अॅनाटॉमी, नाइट ड्युटी यातलं काहीच एवढं जड गेलं नाही, जेवढं ग्रुपमध्ये काम करणं गेलं.

पहिल्या वर्षाची गोष्ट. रक्तक्षयावर तक्ता करायचा होता, सहा जणींचा ग्रुप. मी आणि मैत्रीण रात्री एकपर्यंत स्केच पेन घेऊन बसलो. बाकी चौघींपैकी एक गावाला, एकीचं डोकं दुखत होतं, दोघींनी फोनच उचलला नाही. सकाळी तक्त्याखाली सहा नावं आणि सगळ्यांना सारखे मार्क. खरी मजा पुढं आहे. दुसऱ्या तक्त्याच्या वेळी मीही अंग चोरलं. मीच का मरू?

तेव्हा वाटलं, आपल्यालाच या कोर्सची आवड नाही. आता शिकाऊ मुलींना वॉर्डात घेऊन फिरते तेव्हा रोज तेच दिसतं आणि कळतं की आवडीचा प्रश्न नव्हताच. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं शंभरेक वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं. दोराला माणसं वाढतील तसा एकेकाचा जोर कमी होत गेला. सहा जणींना मिळून एक तक्ता दिला तर तसंच होणार. कुणाचं काम कुठलं हे ठरलेलं नाही, कुणाचं अडलं तर दिसणार नाही. अशा ठिकाणी मन लागलं नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

मन कुठं लागतं ते मला तिसऱ्या वर्षी एका वस्तीत कळलं.

कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे वस्तीत घरोघरी जाऊन काम करायला, आमचा मिश्र ग्रुप होता. एमबीबीएसचे दोघं, आम्ही नर्सिंगच्या दोघी, फिजिओथेरपीची एक आणि डी. फार्मचा, म्हणजे फार्मसी डिप्लोमाचा, एक मुलगा. पूर्व भागातली विडी कामगारांची वस्ती, एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा. एमबीबीएसवाले विचारायचे, आम्ही बीपी घेऊन फॅमिली फोल्डर, म्हणजे त्या घराच्या माहितीची फाइल, भरायचो, आणि फार्मसीचा पोरगा तीन दिवस वजनकाटा उचलून मागून चालत होता. "ह्याला कशाला पाठवलंय बे?" असं एकानं त्याच्यासमोरच विचारलं होतं. त्यानंतर तो दहा वाजता यायचं तर अकराला यायला लागला.

आता माझंही एक सांगते. माझ्या घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळायची. कॉलेजात मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मराठी मीडियमच्या मुली हसतील म्हणून आईचा फोन आला तरी बाहेर जाऊन बोलायची.

चौथ्या दिवशी एका घरात पन्नाशीच्या बाई. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, बोलताना हात थांबत नव्हते. हजार विड्यांवर मजुरी असते, हात थांबवून चालत नाही. रोज सकाळी २० युनिट इन्सुलिन, तरी उपाशीपोटी साखर पावणेतीनशेच्या घरात. एमबीबीएसवाल्यांनी पथ्य सांगितलं, इंजेक्शन चुकवू नका म्हणून दम दिला, डोस वाढवावा लागेल अशी आपसात चर्चा केली. बाई नंदीबैलासारखी मान हलवत होत्या. मला राहवलं नाही. "अन्नं तिन्नावा अम्मा?" एवढंच विचारलं. जेवलीस का गं आई.

बाईंचे हात थांबले. मग जे सुरू झालं ते दहा मिनिटं. एकही दिवस चुकवत नाही, वीसच्या रेघेपर्यंतच भरते, फ्रिज नाही म्हणून बाटली माठात ठेवते. हे दाखवायला त्यांनी माठातला स्टीलचा डबा काढला. मी मराठीत सांगत होते आणि फार्मसीच्या पोरानं डब्यातली सिरिंज उचलली.

"ही नारिंगी टोपणाची आहे," तो म्हणाला. तीन दिवसांतलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

आम्ही पाचही जण ठोंब्यासारखे बघत राहिलो. त्यानं बाटली फिरवून दाखवली. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटवाली बाटली. तिला लाल टोपणाची, ४० च्या मापाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या बाटलीसाठी असते. नारिंगी सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं की औषध होतं ०.२ मिलिलिटर, म्हणजे या बाटलीतलं फक्त ८ युनिट. बाईंच्या लाल सिरिंज संपल्या होत्या, दुकानात होत्या त्या त्यांनी आणल्या. टोपणाच्या रंगाला अर्थ असतो हे त्यांना कोण सांगणार? आणि आमच्या चर्चेप्रमाणे डोस वाढला असता, पुढच्या महिन्यात पुन्हा लाल सिरिंज मिळाली असती, तर साखर धाडकन खाली येऊन बाई बेशुद्धही पडू शकल्या असत्या. आम्ही स्वतः काहीच बदललं नाही, शिकाऊंनी बदलायचं नसतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, त्यांनी पुढचं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा पावणेदहालाच हजर. त्याला कुणी भाषण दिलं नव्हतं. मीही त्या दिवसापासून घराघरात तेलुगू बोलायला लागले, आणि फिजिओवालीनं आपणहून बायकांची मनगटं आणि पाठ तपासायला घेतली.

डेसी आणि रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत पुढं वाचनात आला. माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात म्हणे: थोडं स्वतः ठरवता यावं, आपल्याला जमतंय असं वाटावं, आणि आजूबाजूचे आपले वाटावेत. वजनकाटा उचलणाऱ्या पोराकडं तिन्हींतलं एकही नव्हतं. सिरिंज हातात आली आणि एका मिनिटात तिन्ही आलं.

म्हणून नवीन येणाऱ्यांना माझं सांगणं, ग्रुप मिळाला की पहिल्या दहा मिनिटांत आपलं एक ठळक काम मागून घ्या. "मी काय करू?" असं विचारलंत तर वजनकाटाच हाती येईल. "औषधांच्या पिशव्या मी बघते" असं म्हणा. भाषा येत असेल तर लपवू नका. सोलापुरात वॉर्डात मराठीइतकीच तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येते. अंग चोरणाऱ्यांशी भांडू नका, त्यांना असं काम द्या की ते झालं नाही तर सगळ्यांचं अडेल. तरी नाही केलं तर मॅडमना सांगा, त्यात चुगली वगैरे काही नाही.

अभ्यासाला बसताना आधी प्रत्येकानं आपापलं उत्तर कागदावर लिहायचं, मग चर्चा. अमेरिकेत लॅरी मायकेलसन यांनी रुजवलेल्या टीम-बेस्ड लर्निंगमध्ये असंच असतं, आधी एकट्याची परीक्षा, मग तीच ग्रुपची. नाहीतर हुशार मुलगी बोलते आणि बाकीच्या वहीत उतरवतात.

आणि फोन. यात मी सणसणीत आपटले होते. नाइटला सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेल्या, मला म्हणाल्या डॉक्टरांना फोन लाव. मी म्हटलं, "सर, पाच नंबरच्या मावशींना बरं वाटेना." "म्हणजे काय?" माझ्याकडं बीपीसुद्धा नव्हता. फोन कट. आठवडाभर मला त्या वॉर्डात पाऊल टाकावंसं वाटेना. मग सिस्टरनीच शिकवलं: आता काय झालंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, त्यांनी काय करावं. "सर, पाच नंबर, काल पित्ताशयाचं ऑपरेशन, बीपी ९० बाय ६०, पल्स १२०, लघवी कमी झालीय, रक्तस्राव असेल का अशी शंका आहे, तुम्ही येऊन बघावं." याला या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एसबार (SBAR) म्हणतात आणि ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यात आली, हे कळल्यावर मला जरा भारीच वाटलं. फोनच्या आधी चार ओळी कागदावर लिहा. समोरचा ऐकून घेतो, आणि पुढचा फोन करायला भीती वाटत नाही.

त्या वस्तीत पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. बाईंनी डबा उघडून दाखवला, सगळी लाल टोपणं. मग दाराबाहेर डोकावून विचारलं, "तो टोपणवाला पोरगा कुठाय?" तो शेजारच्या घरात होता. त्यांचा माठ उघडून बसला होता.