कुंडीतली तिखट मिरची : झाड फोफावतं, पण फळ का धरत नाही?

मिरचीचं झाड वाढवणं फारसं अवघड नाही, त्याला मिरच्या लागणं हे खरं काम. झाड गुडघ्याच्या वर गेलेलं, पानं काळपट हिरवी आणि मिरची एकही नाही, असं झालं की बहुतेक वेळा नत्र (नायट्रोजन, पानं वाढवणारं अन्न) जास्त झालेलं असतं, नाहीतर ऊन कमी पडत असतं. म्हणून कुंडी घेण्याआधी जागा बघा. रोज किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर पुढची सगळी मेहनत पानांवरच खर्च होईल.

बी कोमट पाण्यात सहा ते आठ तास भिजवून ट्रेमध्ये अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरा. माती २५ ते ३० अंश सेल्सिअस उबदार असेल, तर नेहमीच्या लांब मिरच्या आणि हालापेन्यो ७ ते १४ दिवसांत उगवतात. हाबानेरोसारख्या जहाल जातींना तीन-चार आठवडेही लागतात, तेव्हा दहाव्या दिवशी ट्रे उकरून बघू नका. माती १८ अंशांच्या खाली गेली तर बी नुसतं पडून राहतं आणि कधीकधी कुजतं. कोंब दिसले की लगेच उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबट, लुळी होतात. बुंधा जमिनीलगत पिचून रोप आडवं झालं, तर ती ‘मर’. ती ओल जास्त आणि हवा कमी असली की येते. अशा वेळी ट्रेला खालून पाणी द्या आणि वरचा थर सुकू द्या.

कोंबाच्या पहिल्या जोडपानांनंतरची, म्हणजे खरी, चार-सहा पानं आली, म्हणजे साधारण पाच-सहा आठवडे झाले, की रोपं मोठ्या कुंडीत हलवायची. त्याआधी आठवडाभर ती रोज थोडी थोडी जास्त वेळ बाहेर ठेवा. सावलीतलं रोप थेट कडक उन्हात गेलं तर पानं पांढरी पडून भाजतात. एका झाडाला बारा इंची कुंडी हवी, जमिनीत लावत असाल तर दोन झाडांत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर. मिश्रण असं : दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. कच्चं शेणखत घालू नका, मुळं जळतात. कुंडीच्या तळाशी खडे भरण्याची सवयही सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांना माती कमी मिळते. छिद्रं मोकळी असली की पुरे. रोप संध्याकाळी लावा आणि ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल.

पाण्याचं वेळापत्रक नको, बोट हवं. मातीत दोन सेंटीमीटर बोट घाला, कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत पाणी द्या. ओल असताना पुन्हा पाणी घातलं तर मुळं गुदमरतात आणि झाड भर पाण्यात कोमेजतं. हे फसवं लक्षण आहे, कारण कोमेजलेलं झाड बघून माणूस आणखी पाणी ओततो. आज चिखल आणि चार दिवसांनी भेगा असं चाललं, तर फळाच्या टोकाला तपकिरी, चामड्यासारखा डाग पडतो. मातीत कॅल्शियम असूनही पाण्याअभावी ते फळापर्यंत पोचत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. खताआधी पाणी सुधारा.

कळ्या येईपर्यंत नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं १९:१९:१९ खत लिटरभर पाण्याला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा चालतं. कळ्या दिसल्या की ते थांबवा आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत द्या. तरीही फुलं गळत असतील तर तापमान बघा. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १३-१४ अंशांच्या खाली मिरची फूल टाकून देते. तिथे खताचा उपयोग नाही, दुपारी सावलीची जाळी किंवा हवामान बदलायची वाट, एवढंच. मिरचीचं परागीकरण त्याच फुलात होऊ शकतं, पण बंद बाल्कनीत वारा नसतो. तिथे सकाळी फांद्या हलक्या हाताने हलवा.

पानं आकसली की सरसकट ‘बोकड्या’ म्हणून एकच फवारणी करतात, तिथेच चूक होते. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे (थ्रिप्स). कडा खाली वळल्या, देठ लांबले, तर कोळी (माइट्स, रस शोषणारे अगदी बारीक जीव). दोन्ही पानाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून फवारा खालूनच मारा. फुलकिड्यांवर आणि माव्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली सौम्य द्रव साबण, संध्याकाळी, दर पाच-सात दिवसांनी. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक, मात्रा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. पण कडक उन्हात आणि तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधक वापरू नका, पानं करपतात. पानं पिवळी, बारीक, गोळा झालेली आणि झाड खुरटलेलं दिसलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध नाही. जीव जड करून झाड उपटा, बाकीची वाचतील.

मिरच्या देठासकट कात्रीने काढा, ओढलं की फांदी मोडते. हिरव्या काढत राहिलात तर झाड नवी फुलं धरत राहतं. सगळ्या लाल होईपर्यंत ठेवल्या तर नवी फुलं मंदावतात. तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. जहाल जाती चिरताना हातमोजे घाला. हात झोंबलेच तर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, निघत नाही.

बी राखायचं असेल तर शेजारी दुसरी जात असताना कळी उमलण्याआधीच फांदीवर पातळ कापडी पिशवी बांधा, नाहीतर मधमाश्या संकर घडवतात. फळ धरलं की पिशवी काढून खुणेसाठी देठाला दोरा बांधा. ते फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. बी सावलीत वाळवा, वाकवल्यावर कडकन मोडलं की हवाबंद डबीत भरा. कोरड्या, थंड जागी दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं.