कासवाचे घरटे जागेवरच कसे राखावे

गोड्या पाण्यातल्या कासवांची मादी अंडी घालायला आली की लांब थांबा, टॉर्च बंद ठेवा. बिचकली तर ती अंडी न घालताच परतते. खड्डा बुजवून ती पाण्याकडे वळली की जागेवर खूण करा. वन्यजीव खात्याला आधीच विचारून ठेवा. अनेक देशांत परवानगीशिवाय घरट्याला हात लावता येत नाही.

अंडी उकरून ‘सुरक्षित जागी’ हलवा, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. कोंबडीच्या अंड्यात बलक पिळदार धाग्यांनी तोललेला असतो, कासवाच्या अंड्यात तसे धागे नसतात. साधारण एका दिवसात गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे फिरवले की तो बहुधा मरतोच.

खरे काम जाळीचे, आणि ते त्याच दिवशी. ताज्या उकरलेल्या ओल्या मातीच्या वासावर कुत्री, कोल्हे येतात. पहिल्या काही रात्रींत सर्वांत जास्त घरटी फुटतात. तळ नसलेली, साधारण 60 सेंटीमीटर लांब-रुंद पेटी करा: लाकडी चौकट, वर आणि चारही बाजूंना जाड तारेची जाळी. खड्डा बरोबर मध्यावर येऊ द्या. बाजूची जाळी 15 ते 20 सेंटीमीटर जमिनीत गाडा, नाहीतर कुत्रे कडेने उकरून आत शिरते. चर खणताना अंड्यांपासून लांब राहा आणि कोपऱ्यांत खुंट्या ठोका.

बहुतेक जण चुकतात ते जाळीच्या घरांत, म्हणजे भोकांच्या आकारात. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी अजिबात नको. पिल्ले आत अडकून उन्हात मरतात. लहान-मध्यम जातींना 5 सेंटीमीटरचे घर पुरते. आपल्याकडच्या जातीच्या पिल्लाची रुंदी आधी माहीत करून घ्या. ते सपाट चालत बाहेर पडले पाहिजे. वर फळी, गोणपाट, झावळ्या काही टाकू नका. बऱ्याच जातींत नर की मादी हे मातीच्या तापमानावर ठरते, सावली केलीत तर तेच बदलते. पाणीही घालू नका.

पिल्ले सहसा दोन-तीन महिन्यांत निघतात, पण काही जातींची पुढच्या हंगामापर्यंत मातीतच राहतात. म्हणून मुदत उलटली तरी उकरू नका. निघालेली पिल्ले बादलीत भरून पाण्यात सोडू नका, त्यांना चालू द्या.

रस्त्यावर मोठे कासव दिसले तर ते ज्या दिशेने निघाले होते त्याच बाजूला सोडा. शेपटीला धरून कधीच उचलू नका, मणका दुखावतो. आणि पाळलेले लाल कानाचे कासव तळ्यात सोडू नका. ते स्थानिक कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न दोन्ही बळकावते.